‘वीस एक’वरून भांडलेल्या तमाम मोठ्या माणसांना

सप्रेम नमस्कार.

जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावात, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेमागच्या माळावर गेलं की मोबाइलवर ‘कर्नाटकात स्वागत’चा मेसेज येतो, एवढं आमचं गाव काठावर. गेली बरीच वर्षं माझ्याकडे पहिली-दुसरीच आहे. म्हणजे 2019 च्या जूनमध्ये तुम्ही सगळे ज्या पुस्तकावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेलात, ते माझ्या टेबलावरचं पुस्तक. हे पत्र तेव्हाच लिहायचं होतं. पण तेव्हा तुमची ऐकून घ्यायची तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती.

आठवण करून देते. बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीस, बावीस, तेवीस या नेहमीच्या नावांबरोबर संख्या वाचायची आणखी एक रीत दिली होती: वीस एक, वीस दोन, वीस तीन. तशीच पुढं साठ तीन, नव्वद आठ. गणिताच्या समितीवर मंगला नारळीकर अध्यक्ष होत्या, उभं आयुष्य गणितात घालवलेल्या बाई. त्या तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. सत्तर सहा म्हणा हवं तर. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव असली जोडाक्षरांनी भरलेली नावं सात वर्षांच्या पोराला जड जातात. शिवाय आपण बोलताना आधी एकक बोलतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो, त्यात मूल गोंधळतं. दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी म्हणतात, इंग्रजीतही म्हणतात. तर मुलाला ही वाटही दाखवू.

एवढंच. आणि त्यावरून महाराष्ट्र पेटला. रात्रीच्या चर्चा झाल्या, व्यंगचित्रं आली, घराघरातल्या ग्रुपवर मराठी संपल्याच्या बातम्या फिरल्या. विधानसभेत अजित पवारांनी विचारलं, की मग मुख्यमंत्र्यांना आता ‘फडण दोन शून्य’ म्हणायचं का. सगळे हसले. मीसुद्धा हसले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तारीख घालताना खडू हातातच राहिला. अहो, वीसला नव्या रीतीतही वीसच म्हणायचं होतं! बदल सुरू होतो एकवीसपासून. ‘दोन शून्य’ त्या रीतीत कुठं बसतच नाही. म्हणजे त्या आठवड्यातला सगळ्यात गाजलेला विनोद गणितात नापास होता, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात यायला पुस्तक उघडावं लागलं असतं.

मी पुस्तक उघडलं होतं. तरी मी चिडले होते. ते का, यावर नंतर पुष्कळ विचार केला.

माझे वडील शिंपी. मशीन चालवता चालवता आम्हा भावंडांकडून पाढे म्हणून घ्यायचे, पायडलच्या तालावर. ‘तेवीस दुणे’ म्हटल्यावर ‘सेहेचाळीस’ पोटातून आलं पाहिजे, डोक्यातून आलं तर उशीर झाला, असं त्यांचं म्हणणं. एकोणसत्तर हा शब्द मला आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतो. त्यामुळं ‘साठ नऊ’ वाचलं तेव्हा माझ्यातल्या शिक्षिकेला काहीच वाटलं नाही, पण शिंप्याच्या लेकीला वाटलं, की कुणीतरी आपल्या घरात शिरून मशीन जागचं हलवलं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच काहीतरी झालं असणार. कुणाला आजी आठवली असेल, कुणाला हातावर पट्टी मारणारे गुरुजी. ज्या विषयात आपण कधीतरी लहान होतो, तो विषय तापतो. धरणाच्या सांडव्याचं गणित चुकलं तर आपण म्हणतो, बघतील इंजिनिअर लोक. दुसरीच्या पुस्तकाबद्दल तसं कोण म्हणणार? दुसरी आपण सगळे पास आहोत. आणि ‘मुलांना सोपं जावं म्हणून बदललं’ हे वाक्य कितीही गोडीनं सांगितलं, तरी ऐकणाऱ्याच्या कानात ते ‘तुम्ही शिकलात ते चुकीचं होतं’ असंच पोचतं.

शिवाय हा विषय एका दमात सांगता येत होता. ‘आता एकवीसला वीस एक म्हणायचं म्हणे!’ न्हाव्याला सांगा, मेहुण्याला सांगा, एसटीत शेजारी बसलेल्याला सांगा. समोरच्याचं मत तयार. याच्या उलट बघा. त्याच वर्षी, 2019 च्या जानेवारीत, ‘असर’चा अहवाल आला होता. ही मंडळी गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणितं सोडवायला देतात. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एका अंकानं भागता येणारी मुलं त्यात 28 टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे दहातली तीनही नाहीत. त्यावर आमच्या ग्रुपवर कुणी एक अंगठासुद्धा टाकला नाही. कारण ते सांगायला दुसरं वाक्य लागतं, तिसरं लागतं. कोणती मुलं, का येत नाही, मग करायचं काय, आणि त्यात माझा वाटा किती. तिसऱ्या वाक्यापर्यंत न्हाव्याचं दुसरं गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असतं.

आता आमची पालकसभा सांगते.

जून संपत आला होता. उन्हाळ्यानं विहिरी तळाला गेलेल्या, पावसाचा पत्ता नाही. सभेपुढं विषय तीन: पोषण आहार, गणवेशाची मापं आणि शाळेची गळकी टाकी. टँकरचं पाणी त्या टाकीत टाकायचं आणि संध्याकाळपर्यंत निम्मं जमिनीत जायचं. माझ्या मनात होतं, की आज टाकीचं काहीतरी ठरवूनच उठायचं. तेवढ्यात एक जण उभे राहिले. पुण्याला नोकरीला असतात, चार दिवस गावी आलेले. मोबाइल वर धरून म्हणाले, “बाई, हे काय काढलंय नवीन? आमच्या पुतण्यानं आता वीस एक म्हणायचं?”

सव्वा तास गेला त्यावर. ज्यांना मी कधी सभेत बोलताना पाहिलं नव्हतं तेही बोलले. एक आजोबा काठी टेकत उठले आणि त्यांनी अख्खी अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, म्हणून दाखवली, कुठंही न अडखळता. टाळ्या पडल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण टाळ्या वाजवता वाजवताच मनात आलं, ही अडीचकी तरी आज कुठल्या वर्गात उरलीय? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, सगळी बिऱ्हाडं गेली. रुपयाचे सोळा आणे होते तोवर त्यांचा रोजचा उपयोग होता. 1957 साली शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि त्यांची गरज हळूहळू आटत गेली. आज त्यांच्यासाठी टाळ्या वाजतात, रान कुणी उठवत नाही. त्या सभेत साठीच्या आतल्या एकालाही औटकी म्हणजे किती ते सांगता आलं नसतं. (साडेतीन.)

सभा आटोपल्यावर पुण्याच्या दादांना म्हटलं, रजिस्टरमध्ये तुमचा नंबर राहू द्या. ते सांगायला लागले, “नाइन एट…” मी लिहिता लिहिता मान वर केली. त्यांच्याही लक्षात आलं. ओशाळून हसले. “मराठीत आता येतच नाही बाई तो नंबर,” म्हणाले.

त्यांची थट्टा करायला हे सांगत नाही. माझा नंबर मला तरी कुठं मराठीत येतो? पण मला त्या क्षणी त्या सव्वा तासाचा अर्थ लागला. आपल्या घरातून मराठी आकडे कधीच गेलेत हे ज्याला आतून ठाऊक असतं, त्याला ते पुस्तकातून जाताना बघवत नाहीत. भाजीवाल्या मावशी ‘पासष्ट’ म्हणाल्या की आपली पोरं आपल्या तोंडाकडं बघतात, मग आपण हळूच ‘सिक्स्टी फाइव’ म्हणून भाषांतर करून देतो. मराठी शाळेचा पट दरवर्षी खाली येतो आणि तो खाली आणणाऱ्यांत आपणही असतो. या सगळ्याचा राग कुणावर काढणार? स्वतःवर काढता येत नाही. तर तो निघाला दुसरीच्या पुस्तकावर. जखम जुनीच होती, पुस्तकाचा नुसता धक्का लागला.

सगळे गेले तेव्हा दारात एक आई थांबली होती. सभेत मागच्या भिंतीला टेकून बसली होती, शब्द बोलली नव्हती. पदर सावरत हळूच म्हणाली, “बाई, हिला हातच्याची वजाबाकी जमंना. बोटं मोजत बसती. घरी काय करून घेऊ?” त्या दिवशी मला विचारला गेलेला गणिताचा हा पहिला प्रश्न. टाकी पुढच्या सभेवर गेली होती.

त्याच मुलीची गोष्ट सांगते, म्हणजे मी कोणत्या बाजूची ते तुम्हाला ठरवता येईल. नाही ठरलं तर उत्तमच.

आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी कन्नड बोलतात. ही त्यातलीच. एक दिवस मी तिच्यापुढं काड्यांचे पाच गठ्ठे ठेवले, प्रत्येकात दहा, आणि बाजूला तीन सुट्ट्या काड्या. किती? ती गप्प. डोळे छपराला. म्हटलं, घरी म्हणतेस तसं सांग. लगेच म्हणाली, “ऐवत्तमूरु.” ऐवत्तु म्हणजे पन्नास, मूरु म्हणजे तीन. लिही म्हटल्यावर पाटीवर नीट 53 लिहिलं. मग मी पाटी पुसायला लावली आणि म्हटलं, आता लिही, त्रेपन्न. तिनं 35 लिहिलं. मी तिच्या पेन्सिलीकडंच बघत होते. ‘त्रे’ ऐकू आलं तसा तिनं तीन मनात धरला, ‘पन्न’ ऐकल्यावर पाच सापडला, पण तोवर कोण कुठं बसायचं याची अदलाबदल झाली होती. मी म्हटलं, बरं, पन्नास तीन लिही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं परक्या गावच्या बाजारात कुणीतरी आपल्या गल्लीतलं भेटावं. “बाई, ऐवत्तमूरुच की हे!” आणि खुदकन हसली.

झालं, वीस एकवाले जिंकले? थांबा. शेजारी बसलेला पोरगा किराणा दुकानदाराचा. मराठी घरचा. त्रेपन्न त्याच्या कानावर पाळण्यात असल्यापासून. त्याला ‘पन्नास तीन’ ऐकून इतकं हसू आलं, की पाटी खाली पडली. मग गंभीर होऊन म्हणाला, “पर बाई, दुकानात असं कुनी म्हनत न्हाई. गिऱ्हाईक म्हनंल त्रेपन्न, मी काय देऊ?” त्याचंही खरं होतं. समितीनं जुनी नावं ठेवली होती ती याचसाठी. शाळेच्या फाटकाबाहेरचा कंडक्टर, दूधवाला, पोस्टातला माणूस, सगळे त्रेपन्न म्हणणार आहेत. ज्याला त्रेपन्न ओळखता येत नाही त्याची मोडच कुणीतरी खाणार. शिवाय पाढ्यांची चाल त्या जुन्या नावांतच बसलेली आहे. ‘वीस तीन दुणे चाळीस सहा’ म्हणून बघा मोठ्यानं. माझे वडील मशीन बंद करून उठले असते.

म्हणजे हे एवढं होतं सगळं मिळून. गठ्ठे-काड्या मांडताना पन्नास तीन, बाजारात त्रेपन्न. दोन मुलांमध्ये तासाभरात मिटलं. घरी कन्नड, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी कोणती वाट आधी, पाढे कधी सुरू करायचे, उलटी संख्या लिहिणाऱ्या मुलासाठी काय करायचं, असे पुढचे खरोखर कठीण प्रश्न होते. त्यावर तुमच्यातले जाणते भांडले असते तर मी डबा घेऊन ऐकायला आले असते. पण एका बाजूला ‘मराठीचा खून’ आणि दुसऱ्या बाजूला ‘प्रतिगामी लोक’ असं एकदा ठरल्यावर मधल्या माणसाला बोलायला जागाच राहत नाही. जो बोलेल त्याला दोन्हीकडून विचारतात, तू नक्की कुणाचा?

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. नॉर्वेमध्ये पूर्वी आपल्यासारखंच एकक आधी म्हणायचे. टेलिफोन खात्याला फोन नंबरांच्या घोळामुळं ते बदलायला हवं होतं. तिथल्या संसदेनं ठराव केला आणि 1 जुलै 1951 पासून दशक आधी म्हणायची नवी रीत लागू झाली. गंमत म्हणजे आजही तिथं दोन्ही रीती कानावर येतात. संसदेचा ठरावसुद्धा लोकांच्या जिभेवरची आजी हलवू शकला नाही. आपण तर नुसतं एक जास्तीचं वाचन दिलं होतं.

आता एक गोष्ट माझ्या मनाविरुद्ध लिहिते, कारण वर लिहिलेलं वाचून कुणी म्हणेल, बाईंच्या मते लोक क्षुल्लक गोष्टींवरच भांडतात. तसं नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणायचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्याला दुरुस्ती झाली आणि जूनच्या शेवटी दोन्ही मागं घ्यावे लागले. तो ताप मला क्षुल्लक वाटला नाही. तिथं सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात एक पूर्ण विषय वाढत होता. माझ्या कन्नड घरच्या मुलांची तर मराठी, इंग्रजी, हिंदी अशी तिन्ही परक्या भाषांशी एकदमच गाठ पडली असती. त्या वेळी आरडाओरडा झाला म्हणूनच निर्णय थांबला, हे कबूल करायला हवं. पण त्याच्या आदल्याच वर्षी पहिलीच्या पुस्तकातल्या एका कवितेत ‘वन्समोअर’ आणि ‘शोर’ हे शब्द आले म्हणून जो गदारोळ झाला, त्याचा आवाज मला तेवढाच मोठा ऐकू आला होता. अडचण ही आहे. तुमचा आवाज ऐकून आम्हाला कळत नाही की आग लागलीय की नुसती फोडणी करपलीय. दोन्हीला घंटा सारखीच वाजते.

मंगलाताई 2023 च्या जुलैत गेल्या. 2019 मध्ये त्या पुन्हा पुन्हा शांतपणे समजावत होत्या, आणि त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी खालून विनोद येत होते. त्यांना एक पोस्टकार्ड टाकावं, ‘ऐवत्तमूरु’ची गोष्ट कळवावी, असं माझ्या फार मनात होतं. टाकलं नाही. आधी चिडलेली होते म्हणून, मग निवडणुकीसारखी कामं मागं लागली म्हणून, मग राहून गेलं म्हणून. त्यातलं एकही कारण मला चांगलं म्हणता येत नाही.

पहिलीची नवी पुस्तकं आली आहेत, पुढच्या इयत्तांचीही येतील. त्यात काही ना काही तुम्हाला खुपणार. खुपलं की जरूर बोला. आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं गप्प बसतो त्यापेक्षा तुमचं ओरडणं बरं. फक्त त्या दिवशी एक करा. शेजारपाजारचं सात-आठ वर्षांचं पोर बोलवा, त्याच्या हातात पाटी-पेन्सिल द्या आणि ‘त्रेपन्न’ लिहायला सांगा. तो काय लिहितो त्याकडं बघू नका, तो लिहिताना कुठं थांबतो तिकडं बघा. मग ग्रुपवर काय टाकायचं ते टाका. आणि सव्वा तास भांडायचाच असेल तर त्यातली पंधरा मिनिटं आमच्या टाकीला द्या. ती अजून गळते.

आपली,
दुसरीच्या वर्गाच्या बाई

ता. क. परवा वर्गात मुलं ‘एकोण’वाल्या संख्या म्हणत होती. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, असं करत गाडी एकोणऐंशी, एकोणनव्वदवर आली आणि पुढं एकानं जोरात ‘एकोणशंभर’ ठोकलं. मी म्हटलं, नाही रे, नव्व्याण्णव. तो म्हणाला, “का? एक कमी नव्वद एकोणनव्वद, मग एक कमी शंभर एकोणशंभर का न्हाई?” मी संस्कृतातल्या ‘नवनवति’पासून सुरुवात करावी की काय अशा विचारात होते, तेवढ्यात सतरंजीच्या टोकावरून आवाज आला, “शंभराला कमी म्हनलेलं आवडत नसंल.” झालं, वर्गाचे दोन तट पडले. एक एकोणशंभरचा, एक नव्व्याण्णवचा. कुणी कुणाचं ऐकेना, दोघं तर उठून उभे राहिले. मग खिचडीची घंटा झाली.